कादंबरीतील घटनांचा क्रम मोडावा का?

धागा मांडणारा वाचक, फोंडा

कालक्रम मोडून सांगितलेल्या कादंबऱ्यांविषयी माझा आक्षेप आहे, आणि तो केवळ त्या वाचायला अवघड जातात एवढाच नाही. एका घटनेतून दुसरी कशी उद्भवली हे दाखवणे हे कादंबरीकाराचे सर्वांत कठीण काम असते. प्रकरणांची उलथापालथ केली की ते टाळता येते, कारण दोन घटनांमधला दुवा कच्चा असला तरी मध्ये भलत्याच काळातले प्रकरण आल्यामुळे तो कच्चेपणा वाचकाच्या नजरेतून सुटतो.

आपल्या गोव्यातलेच उदाहरण घेऊ. एका भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, घराण्यावर आणि त्याच्या कुळांवर कोणी तीन पिढ्यांची कादंबरी लिहायला घेतली, तर तिच्यात १९६४ चा कूळ कायदा, भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांसाठीचा १९७५ चा मुंडकार कायदा आणि कुळाला कसत असलेल्या जमिनीचा मालक मानणारी १९७६ ची दुरुस्ती यांची सावली पडणारच. १९५८ साली भाटकाराच्या अंगणात खाली मान घालून उभा असलेला बाप आणि १९७८ साली त्याच अंगणावरून ताठ मानेने जाणारा त्याचा मुलगा यांच्यामध्ये नुसती वीस वर्षे नाहीत. त्यांच्यामध्ये मामलेदार कचेरीतल्या फेऱ्या आहेत, साक्षीला यायला कचरणारे शेजारी आहेत आणि अंगात मुरलेली भीती हळूहळू निघून जाण्याची प्रक्रिया आहे. माझ्या मते कादंबरीचा खरा ऐवज हाच आहे. लेखक १९५८ वरून १९७८ वर, तिथून २००५ वर आणि पुन्हा मागे अशा उड्या मारू लागला, तर हाच भाग नेमका गाळला जातो.

प्रतिसाद: वाचक, म्हापसा

तुमच्याच उदाहरणावर मी मतभेद मांडते. ही कादंबरी १९७८ मध्ये सुरू झाली आणि शेत कुळाच्या नावावर झाले आहे हे वाचकाला पहिल्याच प्रकरणात कळले, असे समजा. त्यानंतर १९५८ मध्ये तोच भाटकार मुलीच्या लग्नासाठी उसने पैसे मागायला आलेल्या कुळाला दारातून परत पाठवतो. हा प्रसंग क्रमाने वाचला तर आपल्याला फक्त अन्याय दिसतो. उलट क्रमाने वाचताना अन्याय तर दिसतोच, शिवाय भाटकाराला ज्याची कल्पनाही नाही ते आपल्याला ठाऊक असल्यामुळे त्याच्या प्रत्येक रुबाबदार वाक्याला वेगळे वजन येते. हे वजन सरळ क्रमात कोणत्याही कौशल्याने आणता येणार नाही.

दुसरे असे की, गोव्यातल्या वाचकाला १९६१ मध्ये काय झाले आणि १९७६ नंतर शेतांचे काय झाले हे आधीच माहीत असते. पुढे काय होणार ही उत्सुकता अशा कादंबरीत मुळातच अर्धी संपलेली असते, मग ती राखण्यासाठी कालक्रमाचा आग्रह का धरावा? महाभारतातील युद्धपर्वे पाहा. भीष्मपर्वात संजय रणभूमीवरून येतो तो भीष्म पडल्याची बातमी घेऊनच, आणि मग धृतराष्ट्र हे कसे घडले असे विचारतो. द्रोण आणि कर्ण यांच्या बाबतीतही वधाची वार्ता आधी येते, युद्धाचे वर्णन नंतर. आपल्या परंपरेतल्या सर्वांत मोठ्या कथनात शेवट आधी सांगितल्याने काही बिघडलेले नाही.

प्रतिसाद: वाचक, मडगाव

मला वाटते, दोष तंत्रापेक्षा हाताळणीत अधिक असतो. भूतकाळात शिरताना पहिली दोन-तीन वाक्ये ‘आला होता’, ‘म्हणाला होता’ अशी लिहून पुढे साध्या भूतकाळावर आले, तर वाचक बिनबोभाट मागे जातो. प्रकरणाच्या माथ्यावर नुसते साल छापून काम भागवणे हा मात्र आळस आहे.

धागा मांडणारा वाचक, फोंडा

म्हापशाच्या वाचकांनी दिलेला संजयाचा दाखला मला मान्य आहे, परंतु तो अर्ध्यावर सोडू नये. भीष्म पडल्याचे सांगून झाल्यावर संजय पहिल्या दिवसापासून सुरुवात करतो आणि दहाव्या दिवसापर्यंत दिवसामागून दिवस सांगत जातो. म्हणजे क्रम एकदाच मोडलेला आहे, तोही धृतराष्ट्राच्या तोंडून एक नेमका प्रश्न निघावा म्हणून. प्रश्न उभा राहिल्यावर उत्तर क्रमानेच मिळते, कारण ‘कसे घडले’ याचे उत्तर दुसऱ्या कोणत्याही रीतीने देता येत नाही. शेवट आधी सांगण्याला माझा विरोध नाही. दर दहा पानांनी काळ बदलण्याला आहे.

प्रतिसाद: वाचक, सांगे

या चर्चेत एक गोष्ट गृहीत धरली जात आहे, ती म्हणजे प्रत्येक कादंबरी कार्यकारणाची साखळीच असते. साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलेला कुर्डी गाव उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर वर येतो आणि मे महिन्यात तिथले जुने रहिवासी आपापल्या घरांच्या जोत्यांपाशी जातात. अशा माणसावर कादंबरी लिहायची, तर तिचा क्रम सालांवरून कसा ठरेल? तो चालत जाईल त्या वाटेवर एखादे तुळशीवृंदावन आधी लागेल आणि त्यासोबत आजीच्या शेवटच्या वर्षाची आठवण येईल, मग विहीर लागेल आणि त्याचे बालपण येईल, त्यानंतर देवळाची जागा येईल आणि स्थलांतराचा दिवस. इथे क्रम जागेचा आहे आणि तो अत्यंत काटेकोर आहे. तो सालवार लावून घेतला, तर माणूस आणि गाव यांचे नातेच पुस्तकातून नाहीसे होईल.

धागा मांडणारा वाचक, फोंडा

अशी कादंबरी मी आवडीने वाचेन, कारण तिच्यात वाचकाला दुसरा भक्कम क्रम दिलेला आहे. तरीही एक मुद्दा उरतो. धरण ठरले तेव्हा गावात कोण काय बोलले, कोणी आधी होकार दिला आणि कोण शेवटपर्यंत थांबले, हा भाग त्या वाटेवरच्या कोणत्या जोत्यापाशी सांगणार? तो एकाच ठिकाणी सलग सांगितल्याशिवाय गाव का उठला हे वाचकाला कळणार नाही.

प्रतिसाद: वाचक, सांगे

तो सलग सांगायला माझी हरकत नाही. मी तो देवळाच्या जागेपाशी सांगेन, कारण असे निर्णय गावाने तिथेच बसून केलेले असतात.