'एशेत हयिल': सद्गुणी की कर्तबगार?

पागोळी: बायबलमधल्या नीतिसूत्रे ३१:१० मधल्या 'एशेत हयिल' या हिब्रू शब्दांसाठी मराठीत 'सद्गुणी स्त्री' रूढ आहे. स्त्रीवादी बायबल-अभ्यासावरचा लेख मराठीत आणतेय, तिथे हा शब्द अडतो. 'हयिल' म्हणजे बळ, सैन्य, मालमत्ता. रूथ २:१ मध्ये शेतमालक बवाज 'गिब्बोर हयिल' आहे, तिथे धनवान, वजनदार असा अर्थ घेतात. बाईला लागला की तोच शब्द शील कसा होतो?

दगडीपाटी: 'कर्तबगार' घ्या. ही बाई शेत पारखून विकत घेते, कमाईतून द्राक्षमळा लावते (वचन १६), व्यापाऱ्यांना कापड विकते (२४). शिवाय ११ मध्ये 'शालाल' म्हणजे लूट, १५ मध्ये 'तेरेफ' म्हणजे शिकार. भाषा रणांगणाची आहे.

रानवेल: '-गार' फारसी प्रत्यय. 'पराक्रमी' का नको?

दगडीपाटी: मग 'कामगार'ही सोडावा लागेल. 'पराक्रमी'त चाती नि सूतकताई (१९) बसत नाही.

खुरपं: खरी मेख १५व्या वचनात आहे. ती पहाटे उठून 'नआरोथ'ना, म्हणजे हाताखालच्या तरुण बायकांना, 'होक' देते. होक म्हणजे ठरलेला वाटा, शिधा. किंवा नेमून दिलेलं काम. शिधा धरला तर ती अन्नदात्री, काम धरलं तर मुकादमीण. मार्क्सवादी वाचन इथेच विचारतं की शेत घेण्याइतकं वरकड कुणाच्या हातांनी आलं. एक चूक सर्रास होते: बायबल-अभ्यासक कॅरल मायर्स यांनी १९८८ मध्ये मांडलेलं इस्राएलचं लोहयुगीन डोंगराळ शेतकरी कुटुंब या घरावर चिकटवतात. तिथे बाईच्या कष्टावर घर तगतं, म्हणून तिला वजन. इथे मात्र हाताखाली माणसं आहेत. अभ्यासक क्रिस्टीन योडर (२००१) हे काव्य पर्शियन काळातल्या सधन घरात ठेवतात, ते मला पटतं.

दगडीपाटी: पण वर्ग शोधताना बाई पुन्हा पुसली जाते. वेशीवर, जिथे न्यायसभा भरते, वडीलधाऱ्यांत नवरा बसतो (२३). तिथे तिची फक्त कृत्यं पोचतात (३१). एवढी मिळकत असून न्यायसभेत जागा नाही, हे वर्गाने कसं उलगडणार?

खुरपं: एकट्या वर्गाने नाहीच. बायबल-अभ्यासक गेल यी (२००३) म्हणूनच लिंगभाव आणि उत्पादनपद्धती एकत्र वाचतात.

पागोळी: 'नआरोथ'ना काय म्हणू? अब्राहामाच्या घरातली दासी हागार उत्पत्ती १६ मध्ये 'शिफ्हा', २१ मध्ये 'आमा'. मराठीत दोन्हीकडे 'दासी'. इथेही 'दासी' केलं तर तिन्ही शब्द एकाच भांड्यात.

रानवेल: 'मोलकरीण' नको, मोल दिल्याचा उल्लेख नाही. हागारसाठी 'बटीक' घ्या. पेशवाईच्या कागदांत खरेदी-विक्री होणाऱ्या बायकांना 'बटीक', 'कुणबीण' म्हटलंय.

दगडीपाटी: 'बटीक' आज किती जणांना कळेल? पंडिता रमाबाईंनी केडगावात मूळ भाषांवरून बायबल आणलं ते साध्या मराठीत, कमी शिकलेल्या बायकांनाही वाचता यावं म्हणून.

रानवेल: तळटीप द्या. 'दासी' वाचून विकत घेतलेली बाई डोळ्यांपुढे येत नाही.

खुरपं: हागारला चालेल, 'नआरोथ'ना नाही. रूथ २:८ मधल्या बवाजाच्या नआरोथ शेतात राबतात. त्या स्वतंत्र की बांधलेल्या, मजकूर सांगत नाही. 'कामकरणी' म्हणा.

पागोळी: 'कामकरणी' ठेवते. मग 'होक' शिधा की काम?