गाडी घेण्यावरच सरकारी मर्यादा: लिलाव, सोडत की पार्किंगचा दाखला?

पायवाट
खासगी गाड्यांची संख्या आटोक्यात ठेवायला तीन पद्धती दिसतात: परवान्याचा लिलाव (सिंगापूर, शांघाय), सोडत (बीजिंग) आणि 'आधी जागा दाखवा, मग गाडी घ्या' (जपान). यावरची चर्चा बहुतेक वेळा 'श्रीमंतांचंच फावतं' इथे येऊन अडते. ते आहेच. पण नियम प्रत्यक्षात चालतो कसा, पळवाट कुठून निघते, आणि गर्दी खरंच कमी होते का, हे जाणकारांनी सांगावं.

आकडेमोड
सिंगापूरचं सांगतो. १९९० पासून तिथे नव्या गाडीला 'सीओई' लागतं, म्हणजे दहा वर्षं गाडी बाळगण्याचा हक्क. महिन्यातून साधारण दोनदा बोली, मोटारीसाठी १०,००० सिंगापूर डॉलर अनामत. लावलेली बोली वाढवता येते, उतरवता येत नाही. भाव मात्र सगळ्यांना एकच, हरलेल्यांतल्या सर्वात चढ्या बोलीपेक्षा एक डॉलर जास्त. समजा परवाने तीन आणि बोल्या ९०, ८५, ८०, ७९ हजारांच्या, तर पहिले तिघेही ७९,००१ भरणार. त्यामुळे जो तो बिनधास्त वरची बोली लावतो, आणि सगळेच तसं वागले की भडका उडतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये मोठ्या गाड्यांचा भाव १,५०,००१ डॉलरवर गेला. हा नुसता परवाना, गाडी आणि कर वेगळे!

खरी गोची पुरवठ्यात आहे. २०१८ मध्ये मोटारींच्या वाढीचा दर शून्यावर आणला, म्हणून नवे परवाने मुख्यतः बाद झालेल्या गाड्यांच्या जागी निघतात. एका वर्षी भरपूर वाटले की दहा वर्षांनी तेवढे एकदम मोकळे होतात आणि मधे दुष्काळ. तो भरून काढायला २०२३ पासून पुढे संपणाऱ्या परवान्यांचा कोटा आधीच वाटायला घेतला.

छोट्या गाड्यांच्या गटाची अट आधी फक्त १६०० सीसीची होती. महागड्या कंपन्यांनी छोटं पण ताकदवान इंजिन बसवून तीही जागा बळकावली. मग २०१४ मध्ये ९७ किलोवॉटची मर्यादा आली. इलेक्ट्रिक गाड्यांना ती ११० आहे, तर आता बरोबर ११० वर ताकद बांधलेल्या गाड्या निघतात. रेषा आखली की माल रेषेला चिकटून तयार होतो.

तिरपी रेघ
सोडतीत पैशाचा अडसर नाही, म्हणून गरज नसलेलेही नाव घालतात. बीजिंगने २०११ मध्ये वर्षाला २,४०,००० पासून सुरुवात केली, २०१४ पासून कोटा १,५०,००० वर आला. घरातला लायसन्सवाला प्रत्येकजण अर्ज करणार, मग नंबर लागणार कसा? २०२१ पासून कुटुंबाला मिळून गुण (जास्त गुण, तर नंबर लागण्याची शक्यता जास्त) द्यायला लागले, ते याचसाठी.

शिवाय तिथे जुनी गाडी काढली की त्याच माणसाला बदली गाडी घेता येते, म्हणजे एकदा मिळालेला हक्क सहसा परत येत नाही. यातून नंबरप्लेट भाड्याने देण्याचा धंदा उभा राहिला. गाडी वापरणाऱ्याची, कागद दुसऱ्याच्या नावावर. अपघात झाला की कागदवाला अडकतो, आणि कागदवाला कर्जात बुडाला तर गाडी जप्त होते.

शांघायमध्ये लिलाव टाळून लोक परगावची प्लेट लावतात. म्हणून ठरावीक वेळांत उन्नत मार्गांवर अशा गाड्यांना बंदी आहे.

पायवाट
दोघांचेही आभार. पण आकडेमोड, गर्दीचं राहिलं की.

आकडेमोड
गर्दी मालकीने होत नाही, वापराने होते. परवान्याला एक लाख मोजले की ते गेलेच. पुढच्या किलोमीटरला फक्त इंधन, मग माणूस गाडी दारात कशाला ठेवेल? म्हणून सिंगापूरला १९९८ पासून ठिकाण आणि वेळेनुसार इलेक्ट्रॉनिक टोलही घ्यावा लागतो. उलट टोक म्हणजे मेक्सिको सिटी. १९८९ पासून नंबरच्या शेवटच्या अंकानुसार आठवड्यातून एक दिवस गाडी बंद, मालकीवर बंधन नाही. लोकांनी वेगळ्या अंकाची दुसरी गाडी घेतली, बरेचदा जुनी, जास्त धूर ओकणारी.

तिरपी रेघ
सहमत, पण वापरावरच्या शुल्काने रात्री रस्त्यावर उभ्या गाड्या हलत नाहीत. तिथे जपानचा १९६२ चा कायदा कामाचा. जागा घरापासून सरळ रेषेत दोन किलोमीटरच्या आत हवी. नकाशा, जागेचा आराखडा आणि जागा भाड्याची असेल तर मालकाचं संमतीपत्र पोलिस ठाण्यात द्यायचं, दाखला मिळाला की नोंदणी. छोट्या 'के' गाड्यांना नियम सैल आहेत.

नुसता दाखला नकलायला सोपा आहे. तो टिकतो दोन कारणांनी. एक, तीच जागा दुसऱ्या गाडीच्या नावावर दाखवलेली नाही ना, हे पोलिस तपासतात. दोन, रस्त्यावर एकाच ठिकाणी सलग १२ तास, रात्री ८ तास गाडी ठेवणं हाच गुन्हा आहे. या दोन्ही गोष्टी आधी उभ्या केल्या नाहीत तर एकाच अंगणावर चार गाड्या नोंदवल्या जातील आणि चारही रस्त्यावर झोपतील.