राहतं घर भाड्याने देताना : तुमचे अनुभव

ओटीवरचा_झोपाळा
काल दुपारी महावितरणचा मेसेज आला. गुहागरच्या घराचं बिल, १४६ युनिट. गेली तीन वर्षं त्या मीटरवर शून्य, एक, फार तर दोन युनिट यायची. स्थिर आकार भरायचा आणि विसरून जायचं. १४६ वाचलं आणि भाजी चिरता चिरता तशीच खाली बसले. म्हणजे माजघरातला पंखा फिरतोय. पडवीतला दिवा लागतोय. पंप सुरू होऊन आगराला, म्हणजे मागच्या माड-पोफळीच्या बागेला, शिपणं होतंय.

एप्रिलमध्ये घर भाड्याने दिलं. गुहागरच्या वरच्या पाट वाडीतलं घर. रस्त्याच्या अंगाला घर, मागे विहीर, मग माड-पोफळी आणि शेवटी समुद्र, आमच्या ओळीत सगळ्यांचंच असतं तसं. आई पडली, खुब्याचं हाड मोडलं, तिला डोंबिवलीला आणली ती आणलीच. अंजनवेलचा वीज प्रकल्प सुरू झाला तेव्हा लोक दारात येऊन घर भाड्याने मागायचे. अप्पा एवढंच म्हणायचे, "राहत्या घरात भाडेकरू नको," आणि पुन्हा सुपारी कातरायला लागायचे. त्यामुळे करारावर अंगठा लावताना हात जड झाला होता.

मुलगी परभणीकडची, नवरा प्रकल्पावर, चार वर्षांची लेक. घर दाखवताना मी सांगत होते : पावसाळ्यात मागच्या दाराचा अडसर फुगतो, जरा उचलून ओढायचा. पाणचुलीत नारळाची ओली सोडणं घालू नकोस, धुराने डोळे जातील. ती सगळं वहीत लिहून घेत होती. न्हाणीत गेलो तर म्हणाली, "काकू, ही खुंटी कशाला आहे?" अप्पांच्या पंचाची खुंटी. मी म्हटलं, "काही नाही गं, काढलीस तरी चालेल."

चिपळूणपर्यंत एसटीत तेच डोक्यात. काढलीस तरी चालेल असं का म्हटलं मी?

तुमच्यापैकी कितीजणांनी राहतं घर दिलंय? लिहा ना. मला खरंच वाचायचंय.

पाखाडी
खुंटीपाशी मीही थांबले. आमच्या घरात पाटाची एक जागा होती, आजी जेवायला बसायची ती. कोब्यावर तेवढाच गुळगुळीत तुकडा होता. भाडेकरूंनी विचारून, परवानगी घेऊन फरशी घातली. हो मीच म्हटलं होतं. कुकर लावलाय, नंतर येते.

वाशिष्ठीकाठ
आमचं घर चिपळूणच्या पेठमापातलं. खालचा मजला भाड्याने, वरचा बंद. भाडेकरू दोघं नवरा-बायको, त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. २२ जुलै २०२१, पहाटे त्याचा फोन, "दादा, पाणी आत आलंय." मी पुण्यात. त्यानंतर दीड दिवस फोन लागला नाही.

भिंतीवर २००५ च्या पुराची रेघ बाबांनी रंगाने आखून ठेवली होती. पाणी तिच्याही वर गेलं. चौथ्या दिवशी पोचलो तर अंगणात गुडघाभर चिखल, त्याची दुकानातून घरी आणलेली सगळी हत्यारं, सुटे भाग, गादी, फ्रिज, सगळं गेलेलं. आणि वरच्या जिन्यात आईचं शिलाई मशीन. कोरडं. अंधारात दोघांनी पायासकट उचलून वर नेलं होतं. मी विचारलं, अरे तुमचं सामान सोडून हे का? तर त्याची बायको म्हणाली, "आमचं घेता येईल परत, हे तुमच्या आईचं आहे ना."

एक वर्ष भाडं घेतलं नाही. ते दोघं अजून तिथेच आहेत. मशीन आता तीच चालवते.

ओटीवरचा_झोपाळा
@वाशिष्ठीकाठ काय लिहू. आईला वाचून दाखवलं, ती बराच वेळ काही बोलली नाही.

कागद_नीट_करा
भावना कळतात, पण ताई करार नोंदवलाय ना? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. लिव्ह अँड लायसन्स लेखी आणि नोंदणीकृत हवा आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदवला नसेल आणि वाद झाला, तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरतात, उलटं सिद्ध करणं तुमच्यावर. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, फार नाही. ऑनलाइन होतं. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहितीही द्या. गावात सगळे म्हणतात 'ओळखीचा आहे, कागद कशाला', आणि तिथेच ओळख संपते. माझ्या मामांची संपली.

ओटीवरचा_झोपाळा
हो, नोंदवलाय. अकरा महिन्यांचा. अंगठा म्हटलं ते त्या यंत्रावरचाच.

सुरंगी
मी दिलं नाही, त्याचं सांगते. श्रीवर्धनजवळ घर. बाबा गेल्यावर दोन शिक्षिका मागत होत्या, चांगल्या मुली. मी म्हटलं नको, बाबांची खोली आहे तशी राहू दे. कुलूप. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. पोफळी काड्यांसारख्या मोडल्या, ते तर सगळ्यांचंच झालं. पण शेजारच्यांची कौलं उडाली ती त्यांनी दुसऱ्या दिवशी ताडपत्री टाकून झाकली. आमची कोण झाकणार? तेव्हा लॉकडाऊन, पास काढून जाईपर्यंत पाऊस लागलेला. तो अख्खा पावसाळा घर वरून उघडं. बाबांच्या खोलीची मातीची आतली भिंत बसली. त्यांचा पलंग, पुस्तकं, सगळ्याचा लगदा आणि त्यात वाळवी.

जशी ठेवायची म्हणून कुलूप घातलं होतं ती खोलीच पहिली गेली. त्या दोघींपैकी एक जरी तिथे असती ना. ताई, १४६ युनिट वाचून मला तुमचा हेवा वाटला. खरंच.

पाखाडी
सुरंगी 🙏 काय बोलू कळत नाही.

मंगलोरी
कौलांवरून : आता कौलं ठेवतं कोण? माकडं ठेवू देत नाहीत. आमच्याकडे भाडेकरूने पहिली अट घातली, पत्रे घाला तर येतो. घातले. पावसाचा आवाज आता असा की फोनवर बोलता येत नाही.

तीन_माड
@मंगलोरी पत्र्याखाली कौलं तशीच ठेवली का काढली? आम्हाला करायचंय. गवंडी म्हणतो वाशांवर भार येईल.

मंगलोरी
काढली. वासे जुने होते. चांगली कौलं मांगरात, म्हणजे मागच्या खोपटात, रचून ठेवलीत, आईने एकही विकू दिलं नाही.

मांडावरचो
आमचा घर तारकर्लेक. सीझनाक पावण्यांका देतंव आणि आमी मागच्या मांगरात. अकरा म्हयने एकच भाडेकरू असता तर बरा, हय दर दोन दिसांनी नये लोक. आजयेच्या पलंगार भायरचो माणूस झोपलेलो बघून पयल्या वर्सा जीव कसोसोच झालो. आवस म्हणाली, "अरे, घर गजबजलेला बरा. गप ऱ्हव आणि सोलकढी घाल त्येंका." घातलंय.

कागद_नीट_करा
@मांडावरचो आजयेक नमस्कार सांग. सोलकढी आगळाची की भिजवलेल्या सोलांची?

मांडावरचो
सोलांची. आजी नाय आता. पलंग आसा.

गुरुजी_सावंतवाडी
मी दुसऱ्या बाजूने लिहितो. मी भाडेकरू. जिल्हा परिषद शिक्षक, मूळ मराठवाड्यातला, सावंतवाडी तालुक्यात सात वर्षं एकाच घरात.

कोकणात भाड्याचं घर घेतलं की एक खोली कायम बंद असते. मालकाचं सामान. सगळीकडे हेच. तुम्ही राहता, पण घरात एक दार असं असतं की ज्याच्यापुढून चप्पल घालून जायलाही अवघड वाटतं. माझी मुलं त्याला 'काकांची खोली' म्हणायची, काका मुंबईला.

तिसऱ्या पावसाळ्यात रात्री त्या खोलीतून टप टप आवाज. काकांना फोन केला. ते म्हणाले कुलूप तोडा. तोडलं. आत पितळेची भांडी, एक पाळणा, आणि वह्यांची पेटी, नेमकी गळक्या जागेखाली. काकांच्या शाळेतल्या वह्या. मी शिक्षक माणूस, मला ते बघवेना. बायको आणि मी रात्रभर एकेक पान सोडवून पंख्याखाली मांडत होतो. शाई पसरली होती, तरी निम्म्याहून जास्त वाचल्या.

गणपतीला काका आले. आमच्या करारातच आहे, भाद्रपदातले पाच दिवस माजघर आणि ती खोली त्यांची, कारण गणपती मूळ घरीच बसतो. वह्या बघितल्या, काही बोलले नाहीत. परत जाताना मी विचारलं, नवीन कुलूप कुठलं आणू? म्हणाले, "राहू दे, कडी लावून ठेवा."

त्या वर्षापासून आरतीला आमचं ताटही त्यांच्या ताटाशेजारी असतं.

पाखाडी
गणपतीची अट! आम्ही तोंडी ठेवली होती. दुसऱ्याच वर्षी भाडेकरू म्हणाले आमच्याकडे पाहुणे आहेत. मूर्ती डोक्यावर घेऊन भाऊ अंगणात उभा. शेवटी चुलत्यांकडे बसवला. कागदावर घ्या बायांनो.

ओटीवरचा_झोपाळा
अगं बाई. आमच्या करारात नाहीये हे. आमचा गणपती दादाकडे असतो म्हणून सुचलंच नाही. पण शिमगा?

खालचापाट
शिमग्याचं मी सांगते. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी दारात येते तेव्हा घर बंद असून चालत नाही ना. तीन वर्षं मी फक्त पालखीसाठी रजा टाकून जायचे, झाडायचं, रांगोळी घालायची, ओटी भरायची, रात्रीच्या गाडीने परत. यंदा भाडेकरू होते, सोलापूरकडच्या बाई. त्यांनी पालखी आयुष्यात पाहिली नव्हती. फोन करून विचारलं, ओटीत काय काय घालायचं, नारळ कुठला, किती वाजता. मी म्हटलं वेळ नाही सांगता येत, ढोल ऐकू आला की समजायचं.

पहाटे पावणेतीनला व्हिडिओ कॉल. अंगण सारवलेलं, बाई नऊवारीत, हातात ताट. मानकऱ्यांनी विचारलं, घरातले कुठे? त्यांनी फोन पुढे धरला. गाऱ्हाणं घातलं ते माझ्या नावानेही घातलं आणि त्यांच्याही. मी बोरिवलीत देवघरासमोर फोन धरून उभी, सासूबाई उठून आल्या, त्याही उभ्या.

चिरा
सगळे गोड लिहितायत, माझं तसं नाही. आमच्या भाडेकरूने न विचारता एसीसाठी दर्शनी भिंतीच्या जांभ्या चिऱ्यात भोकं पाडली. दोन चिरे तडकले. आजोबांनी ते चिरे खाणीतून निवडून आणले होते, बैलगाडीने. म्हणे "भिंतच आहे, सिमेंट भरून देतो." दारातलं सुरंगीचं झाड पण कचरा पडतो म्हणून तोडलं. अनामत रकमेतून पैसे कापून घेतले, पण त्याचं काय करायचं? दोन वर्षं झाली, अजून त्या भिंतीकडे बघत नाही. पुन्हा भाड्याने देणार नाही. सुरंगी ताईंचं वाचून दोन तास विचार करतोय, तरी नाहीच.

सुरंगी
@चिरा नका देऊ. पण कोणाला तरी दर पंधरा दिवसांनी उघडायला सांगा. पैसे द्या, पण सांगा.

तीन_माड
आमचं तर अजून पहिल्याच पायरीवर. सातबारा सामायिक, अकरा नावं, त्यातली चार हयात नाहीत. भाडं कोणाच्या खात्यात हेच ठरत नाही, त्यामुळे घर बंद. काकू म्हणतात द्या, आत्या म्हणते माझं माहेर आहे. दोघी बरोबर आहेत. आत्या ८१ ची. वर्षातून एकदा येते, ओटीवर बसते, चहासुद्धा शेजाऱ्यांकडून येतो. तिच्या हयातीत तरी नाही देणार बहुतेक.

कागद_नीट_करा
@तीन_माड वारस नोंदी आधी करून घ्या, आत्या आहेत तोवरच. त्यांना कोण कोणाचं ते सगळं माहीत असेल.

पाखाडी
हो आणि आत्याला बोलतं करून लिहून घ्या. कुठल्या खोलीत कोण जन्मलं वगैरे. आमच्याकडे आता सांगणारं कोणी नाही.

वाशिष्ठीकाठ
@ओटीवरचा_झोपाळा खुंटीचं काय झालं शेवटी? विचारलंत का?

ओटीवरचा_झोपाळा
आज सकाळी धीर करून फोन केला. म्हटलं अगं, ती न्हाणीतली खुंटी काढली नसशील तर असू दे. ती म्हणाली, "काकू, त्याच्यावर हिचा टॉवेल असतो. हात पुरत नाही म्हणून खाली पाट ठेवलाय." मग गणपतीचं, शिमग्याचं बोलले. पालखी कधी असते ते वहीत लिहून घेते म्हणाली.

आईला बिलही दाखवलं. चष्मा लावून तिने आकडा दोनदा वाचला. म्हणाली, "दोन माणसं आणि एक पोर, १४६ जास्तच होतात. पंप रात्री चालू राहत असेल. तिला सांग, टाकी भरली की पाण्याचा आवाज बदलतो, तो ऐकायचा."

तेच सांगायला आता पुन्हा फोन लावतेय.