‘अबॉर्टिव्ह इन्फेक्शन’ला मराठीत काय म्हणाल?

रंकाळाकाठ: कोल्हापुरातल्या बारावीच्या मुलांसाठी जिवाणूंच्या प्रतिकारप्रथिनांवर टिपण लिहितेय. फाज, म्हणजे जिवाणूंवर हल्ला करणारा विषाणू, आत शिरला की काही जिवाणू स्वतःच मरतात. विषाणूची पिल्लावळ बाहेर पडण्याआधीच पेशी मेल्यामुळं शेजारच्या पेशी वाचतात. मी ‘आत्मघात’ लिहिलं होतं. तपासणाऱ्या सरांनी खोडून ‘गर्भपाती संसर्ग’ केलं. मला ते वाचवत नाही.

पन्हाळवाट: ‘आत्माहुती’ लिहा ताई. शिवा काशीद, बाजीप्रभू ऐकत वाढलेली पोरं आहेत, अर्थ सांगावा लागणार नाही.

शब्दवेडी: नको. आहुतीत ‘हु’ धातू आहे, हवन करणं, जाणून अर्पण करणं. १६६० साली त्या माणसांनी ठरवून जीव दिला. पेशीला कसली जाण? ‘निष्फळ संसर्ग’ म्हणा, मूळ अर्थ तोच आहे.

ऊसमळा: उसाला काणी, म्हणजे बुरशीचा रोग, लागली की आमचे आबा ते बेट मुळासकट उपटून जाळायचे. ‘बेट काढा, न्हाईतर फड जाईल’ म्हणायचे. तुमचं तेच की. ‘बेट काढणं’ लिहा.

शब्दवेडी: पाठ्यपुस्तकात?

ऊसमळा: का, शेतकऱ्याचा शब्द पुस्तकात बसत न्हाई व्हय?

रंकाळाकाठ: काका, शब्द फार आवडला. पण उपटणारे आबा बाहेरचे, इथं हत्यार पेशीतलंच असतं. जिवाणूंमधलं गॅसडर्मिन हे प्रथिन घ्या. त्याच्या टोकाला छोटी शेपटी असते, ती आहे तोवर प्रथिन गप्प. हल्ला झाला की दुसरं प्रथिन, प्रोटिएज, ती शेपटी छाटतं. मग अशी पन्नासहून जास्त प्रथिनं एकमेकांना लागून पेशीच्या पटलात कडं करतात आणि त्या भोकामुळं पेशी मरते. माणसाच्या पेशींतही याच घराण्यातली प्रथिनं आहेत.

रंधा-पटाशी: शेपटी कशाला म्हणता? काम पाचरीचं आहे. पाचर काढली की सगळं सुटतं.

शब्दवेडी: पाचर फट उघडी ठेवते, काढली की फट मिटते. लाकडात माकडाची शेपूट अडकली ती त्यामुळंच. इथं काढल्यावर भोक पडतं. ‘खीळ’ घ्या, संस्कृत ‘कील’पासून आलेला शब्द. कामाला खीळ बसते म्हणतोच की आपण.

रंधा-पटाशी: माझे वडील बैलगाड्या करायचे. खीळ उपसतात आणि परत घालतात, छाटत नाहीत. तुमचं ते छाटलेलं टोक परत बसतं का?

रंकाळाकाठ: नाही, एकदा तुटलं की तुटलं.

रंधा-पटाशी: मग खीळ नव्हे.

पन्हाळवाट: ‘शेपटी’च ठेवा, चित्रात दिसतंही तसंच.

रंकाळाकाठ: शेपटी ठेवते. पण सरांना उद्या टिपण द्यायचंय. ‘निष्फळ’ की ‘बेट काढणं’?

ऊसमळा: काणीचा काळा शेंडा येतो त्याला आमच्याकडं ‘चाबूक’ म्हणत्यात. शिरोळकडं काय म्हणत्यात?