मदत हवी आहे : नाचणीच्या सत्त्वाची खीर पातळ होते, ती स्टार्चचे रेणू तुटल्यामुळे की त्याचे कण कमी फुगल्यामुळे?

नमस्कार. आमच्या भागातील महिला बचत गट लहान मुलांसाठी नाचणीचे सत्त्व तयार करतो आणि त्या प्रक्रियेची तांत्रिक बाजू मी पाहते. एकाच शेतातील नाचणीवर तीन निरनिराळ्या प्रक्रिया केल्या, तर खिरीचा दाटपणा इतका वेगळा येतो की त्याचे कारण समजल्याशिवाय पाकिटावर कृती छापणे मला योग्य वाटत नाही.

पहिल्या प्रकारात नाचणी नुसती भाजून दळतो. हे पीठ पाण्यात कालवून शिजवले की उकळी येण्याआधीच घट्ट होऊ लागते आणि निवल्यावर त्याची वडी पडते. दुसऱ्या प्रकारात नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून, मंद आचेवर भाजून दळतो. तेवढ्याच पिठाची खीर पळीवरून धारेने ओघळते. तिसरे पीठ एका कारखान्यातून एक्स्ट्रूडरमधून (पीठ स्क्रूने दाबत, तापवत बाहेर काढणारे यंत्र) काढून आणले आहे. ते थंड पाण्यातच दाटते, मात्र नंतर कितीही शिजवले तरी पहिल्या पिठाइतके घट्ट होत नाही.

एक्स्ट्रूडरचे कोडे मला बऱ्यापैकी उलगडले आहे. कमी ओलावा, जास्त उष्णता आणि स्क्रूचे घर्षण यांमुळे स्टार्चचे कण आधीच फुटलेले असतात, म्हणून पीठ थंड पाणी ओढून घेते. शिवाय स्टार्चमधील अमायलोपेक्टिन या घटकाचे फांद्या असलेले अवाढव्य रेणू, ज्यांचा रेणुभार १ कोटीच्या कितीतरी पुढे जातो, ते या घर्षणाने तुटतात. अमायलोज या दुसऱ्या, जवळजवळ सरळ साखळीच्या घटकाचे रेणू मुळातच त्यांच्यापेक्षा पुष्कळ लहान असल्याने त्यांना तुलनेने कमी झळ पोहोचते.

खरी अडचण मोडाच्या सत्त्वाची आहे. मोड येताना अल्फा-अमायलेज हे स्टार्चच्या साखळ्या कापणारे विकर (एन्झाइम) तयार होते, पण माझ्या समजुतीप्रमाणे धान्यातील बराचसा स्टार्च तोपर्यंत शाबूत असतो आणि मोठी तोडफोड पातेल्यातच होते. साधारण ६५ अंश सेल्सियसच्या पुढे कण फुगून उघडे पडतात, आणि विकर पूर्ण निकामी होण्यापूर्वीच्या त्या थोड्या वेळात ते साखळ्या कापत सुटते. म्हणूनच असेल, पण थंड पाण्यात कालवून मंद आचेवर चढवलेली खीर पातळ राहते, तर तेच पीठ उकळत्या पाण्यात वैरले की ती दाट होते. आईच्या दृष्टीने हा फरक फार मोलाचा आहे, कारण खीर पातळ राहिली तर तेवढ्याच वाटीत अधिक पीठ, म्हणजे अधिक ऊर्जा, बाळाच्या पोटात जाते.

तरीही श्यानता (दाटपणा) घटली म्हणजे रेणू लहान झाले, असे थेट म्हणायला मी धजत नाही. स्टार्चला मर्यादित ओलाव्यात तापवले तर रेणूंचा आकार फारसा न बदलताही कण कमी फुगतात आणि दाटपणा उतरतो. याउलट सौम्य आम्लात कोमट ठेवलेल्या स्टार्चचे कण सूक्ष्मदर्शकाखाली अखंड दिसतात, पण आतील साखळ्या तुटलेल्या असल्यामुळे शिजवल्यावर तो पातळच राहतो. ओल्या मोडांच्या वाळवणीत आणि भाजणीत यांपैकी पहिला परिणामही मिसळत असावा, अशी मला शंका आहे.

जवळच्या महाविद्यालयात उबेलोडे श्यानतामापी (बारीक काचनळीतून द्रव वाहायला लागणाऱ्या वेळावरून श्यानता काढणारे उपकरण) आणि साधा फिरत्या दांड्याचा श्यानतामापी वापरू देतात. रेणुभार थेट मोजण्याचे उपकरण तेथे नाही. माझा विचार असा आहे की पिठातून स्टार्च वेगळा काढून, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात विरघळवून, वेगवेगळ्या संहतींना मोजमाप घेऊन आंतरिक श्यानता (विरघळलेल्या रेणूंच्या आकाराचा अंदाज देणारे माप) काढावी, म्हणजे कणांच्या फुगण्याचा प्रभाव वगळला जाईल. अल्कलीत हवेतील ऑक्सिजनमुळे साखळ्या आणखी तुटतात, हे मला ठाऊक आहे. हवा दूर ठेवण्यासाठी नायट्रोजनची सोय नसताना हे मोजमाप कितपत विश्वासार्ह मानावे? तसेच, शिजवण्याच्या पाण्यात अत्यल्प सिल्व्हर नायट्रेट घालून विकर बंद पाडायचे आणि केवळ प्रयोगापुरत्या त्या खिरीचा दाटपणा ताडून पाहायचा, ही तुलना पुरेशी ठरेल का? ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी वाळवण्याचे आणि भाजण्याचे कोणते तापमान विकर टिकवून कच्चा वास घालवते, हेही कृपया सांगावे.