जर्मनी: प्रोबेशनमधल्या कर्मचाऱ्याला ईमेलने नोटीस चालते का?

परदेशी_शाखा
भारतीय कंपनीची जर्मनीत जीएमबीएच, म्हणजे तिथली खासगी मर्यादित कंपनी आहे. पगारपत्रकावर ११ जण, त्यातले दोघे आठवड्याला २० तासांचे. एक सदस्याची कर्मचारी समिती, म्हणजे बेट्रिब्सराट, निवडून आलेली आहे. १ एप्रिलला रुजू झालेल्या एकाचं काम जमत नाहीये आणि सहा महिन्यांचं प्रोबेशन ३० सप्टेंबरला संपतंय. मुख्यालयातल्या एचआर प्रमुखांनी डिजिटल सहीचं पत्र २९ तारखेला ईमेलने पाठवायचं असा बेत आहे. नाहीतर प्रोबेशन तीन महिने वाढवायचं. करारात भारतीय कायदा लागू असल्याचं कलम आहे. यात कुठे अडेल?

राइनकाठ
बहुतेक सगळीकडे. आधी कलमाचं बघू. कर्मचारी जर्मनीत राहून काम करतो, तेव्हा युरोपीय संघाच्या रोम-१ नियमावलीच्या कलम ८ प्रमाणे तिथलं सक्तीचं संरक्षण त्याच्याकडून करार करूनही काढून घेता येत नाही. नोटीस, रजा, आजारपणातला पगार हे सगळं जर्मन कायद्यानेच धरून चाला.

जर्मन नागरी संहितेचं कलम ६२३ सांगतं की नोटीस कागदावर आणि शाईच्या सहीनेच हवी. ईमेल, स्कॅन, डिजिटल सही, व्हॉट्सॲप यांतल्या कशानेही नोकरी संपत नाही. ती चालूच राहते आणि पगारही चालू राहतो. मुख्यालयांना हे शेवटपर्यंत खरं वाटत नाही, म्हणून त्यांना आत्ताच लेखी कळवा.

सही कोणाची, हेही तितकंच महत्त्वाचं. व्यापार नोंदवहीत नोंद असलेल्या संचालकाने सही करावी. दोघांनी मिळून सही करायची अशी नोंद असेल तर दोघांच्याही सह्या लागतील. भारतातल्या एचआर प्रमुखांनीच सही करायची असेल तर मुखत्यारपत्राची मूळ प्रत सोबत जोडा. नाहीतर नागरी संहितेच्याच कलम १७४ खाली कर्मचारी ते पत्र तत्काळ नाकारू शकतो. मग नवं पत्र जाईपर्यंत ३० सप्टेंबर उलटून गेलेला असतो.

पत्रात कारण लिहू नका. प्रोबेशनमध्ये ते लागत नाही, आणि लिहिलं तर वादाला निमित्त मिळतं.

टपालपेटी
पत्र पोचवण्याबद्दल. ३० सप्टेंबरच्या आत ते कर्मचाऱ्याच्या हाती किंवा त्याच्या टपालपेटीत पडायला हवं, टपालाला टाकलं एवढ्याने भागत नाही. रोजचं टपाल येऊन गेल्यावर पेटीत टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी पोचलं असं धरतात. शेवटचा दिवस रविवार असला तरी मुदत वाढत नाही.

आइनवुर्फ-आइनश्रायबन या नोंदणी टपालावर विसंबू नका. केंद्रीय कामगार न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं की टपाल कार्यालयाची पावती आणि संकेतस्थळावरची स्थिती एवढ्यावर पत्र पोचल्याचं सिद्ध होत नाही. विश्वासू माणूस पाठवा. त्याने पत्र वाचावं, स्वतः लिफाफ्यात घालावं, नाव पाहून पेटीत टाकावं आणि तारीख-वेळ लिहून सही करावी. पत्रात काय होतं आणि ते कुठे टाकलं, दोन्हीला एकच साक्षीदार मिळतो.

बेट्रिब्सराटचं मत आधी विचारणं प्रोबेशनमध्येही सक्तीचं आहे. त्यांना कारण सांगावं लागतं आणि उत्तराला एक आठवडा द्यावा लागतो. त्यांनी विरोध केला तरी नोटीस देता येते, पण न विचारता दिलेली नोटीस रद्दच ठरते.

परदेशी_शाखा
मग २४ सप्टेंबरला पत्र पोचवलं तर पुरे ना? आणि प्रोबेशन वाढवण्याचं काय?

राइनकाठ
वैध ठरेल, पण महाग पडेल. प्रोबेशनमध्ये नोटीसची मुदत दोन आठवडे, म्हणजे नोकरी ८ ऑक्टोबरला संपेल. सहा महिने ओलांडून वर्षाच्या उत्तरार्धात नोकरी सुटली की वर्षाची पूर्ण किमान रजा द्यावी लागते. पाच दिवसांच्या आठवड्याला ती २० दिवस. पत्र १६ सप्टेंबरपर्यंत पोचलं तर नोकरी ३० ला संपते आणि रजा महिन्यामागे बाराव्या हिश्शाने, म्हणजे १० दिवस होते. करारात जास्त रजा असेल तर त्याची अट वेगळी वाचा. समितीला ५ तारखेला कळवा आणि १५ ला पत्र पेटीत टाका.

सहा महिन्यांपुढे प्रोबेशन वाढवता येत नाही. पण तुमच्याकडे त्याची गरज आहे का तेच आधी तपासा. बरखास्तीविरुद्ध संरक्षणाचा कायदा लागू व्हायला सहा महिन्यांची नोकरी हवी आणि शिवाय १० पेक्षा जास्त कर्मचारी हवेत. २० तासांपर्यंतचा माणूस ०.५ धरतात, ३० पर्यंतचा ०.७५. तुमचे नऊ अधिक एक, बरोबर १० होतात, म्हणजे कायदा लागू नाही. भारतातले कर्मचारी यात मोजत नाहीत. तेव्हा आणखी तीन महिने संधी द्यायची असेल तर देता येईल. फरक इतकाच की नोटीस चार आठवड्यांची होईल, महिन्याच्या १५ तारखेला किंवा अखेरीला संपणारी. मात्र त्या काळात कायमचा एक माणूस घेतलात, किंवा अर्धवेळवाल्या एकाचे तास २५ केलेत, की आकडा १० च्या वर जातो.

टपालपेटी
एक राहिलं. कर्मचारी स्त्री असेल आणि नोटीस मिळाल्यावर दोन आठवड्यांच्या आत तिने गरोदर असल्याचं कळवलं, तर प्रोबेशनमध्येही नोटीस टिकत नाही. अशा वेळी दुसरं पत्र पाठवू नका, वकिलाकडे जा. आणि नोटीशीला आव्हान द्यायची मुदत पत्र पोचल्यापासून तीन आठवडे असते, तोवर निरोप्याने लिहिलेली नोंद जपून ठेवा.