मदत हवी आहे: फोटोतला वेस्ट इंडीजचा गोलंदाज कोण?

काकांच्या अल्बममध्ये पोस्टकार्डाएवढा एक कृष्णधवल फोटो सापडला. मागे पेन्सिलीने लिहिलंय : ‘वानखेडे, जाने. 1975’. म्हणजे वानखेडेवरची पहिलीवहिली कसोटी; वेस्ट इंडीजचा कर्णधार क्लाइव्ह लॉइड नाबाद 242, आपण हरलो आणि मालिका 3-2 अशी गेली ती.

फोटोत गोलंदाज चेंडू टाकायच्या बेतात आहे. काका छातीठोकपणे सांगतात, ‘हा अँडी रॉबर्ट्सच!’ त्या मालिकेत त्याने 32 बळी घेतले होते, तेव्हा काकांना दुसरं कोणी दिसणंच शक्य नाही म्हणा. पण चेंडू डाव्या हातात आहे! रॉबर्ट्स उजव्या हाताने टाकायचा. त्या संघात डावखुरा वेगवान गोलंदाज म्हणजे बर्नार्ड ज्युलियन. की निगेटिव्ह उलटी ठेवून प्रिंट काढली असेल?

भिंगाने पाहून झालंय. चेहरा हाताच्या सावलीत आहे. शर्टाच्या खिशावरून डावं-उजवं कळेल असं वाटलं होतं, तर छाती दुमडलेल्या हाताआड गेलीय. धावफलक किंवा कुठलीही अक्षरं चौकटीत नाहीत. मागे फक्त स्टँडचा एक कोपरा आणि धूसर गर्दी. निगेटिव्ह नाही, आणि काका फोटो घराबाहेर न्यायला देत नाहीत. स्कॅन मात्र पाठवू शकते.

त्या वेळचं वानखेडे पाहिलेल्यांना स्टँडच्या कोपऱ्यावरून प्रिंट उलटी आहे का, हे सांगता येईल का? आणि रॉबर्ट्स व ज्युलियन यांच्या शैलीत असा कोणता फरक आहे, जो एका स्थिर फोटोतही ओळखू येईल?